पूलमध्ये हँडिकॅप कसा ठरवायचा आणि पैशाची मॅच लावताना काय काय बघायचं

पूलमध्ये, म्हणजे क्यूच्या काठीनं बॉल पॉकेटमध्ये टाकायच्या टेबलवरच्या खेळात, पैशाची मॅच बहुतेक वेळा ब्रेक, म्हणजे बॉल फोडायचा पहिला फटका, व्हायच्या आधीच जिंकलेली नाहीतर हरलेली असते. दोघं चॉक घासत उभे असतात, एक म्हणतो "दोन गेम दे मग खेळतो", दुसरा म्हणतो "दोन कामून, एक घे की", आणि त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात जे ठरतं त्यावर पुढचे तीन तास कोण पाण्यात जाणार ते ठरतं. आपल्याकडची पोरं शॉटची प्रॅक्टिस रोज करतात, पण ही बोलणी करायची प्रॅक्टिस कुणीच करत नाही, म्हणून चांगला खेळणारा पोरगा सुद्धा खिसा रिकामा करून घरी जातो आणि त्याला वाटतं आज नशीब खराब होतं. नशीब नाही, सौदा खराब होता.

जत्रेत कुस्त्या लावताना पंच जोड बघूनच लावतात ना, नवख्या पोरासमोर तयार मल्ल कुणी उभा करत नाही, तसंच हे आहे. फक्त पूलमध्ये सोय अशी की जोड जमत नसली तरी हँडिकॅप, म्हणजे कच्च्याला आधीच काही सूट, देऊन जमवता येते. म्हणजे वरच्या लेव्हलचा आणि खालच्या लेव्हलचा दोघं एका टेबलावर असे खेळू शकतात की शेवटचा गेम होईपर्यंत कोण जिंकेल सांगता येत नाही. हे जमवणं ही एक वेगळीच कला आहे आणि ती शिकता येते, त्यासाठीच हे लिहितोय.

पहिल्यांदा कायद्याचं, कारण हे कुणी सांगत नाही. भारतीय करार कायदा १८७२, त्याचं कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल. म्हणजे समोरच्यानं हरून पैसे दिले नाहीत तर तुम्ही कोर्टात जाऊन वसूल करू शकत नाही, कागदावर सह्या घेतल्या तरी नाही. १९५९ ला सुप्रीम कोर्टानं घेरुलाल पारख केसमध्ये सांगितलं की असा करार बेकायदा नाही पण रद्द मात्र आहे, पण हे झालं करार कायद्याचं. आपल्या महाराष्ट्रात त्याच्या वर जुगार प्रतिबंधक कायदा आहे, १८८७ चा, त्यात जुगाराचा अड्डा चालवणारा आणि तिथं सापडणारा दोघांना शिक्षा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे हे खरं, पण बाजूला बसून दुसऱ्याच्या मॅचवर पैसे लावणाऱ्यानं त्या सुटीच्या भरवशावर राहू नये, आणि पार्लरवाला मालक तर सगळ्यात आधी अडकतो. ऑनलाइन पैसे लावायचा विषय २०२५ च्या नव्या केंद्रीय कायद्यानं संपवलाय, कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला बंदी. म्हणून संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, आपल्याकडं शहाणपणाचा जुना प्रकार एकच, हरेल तो टेबलचं भाडं भरेल आणि चहा पाजेल, नाहीतर एंट्री फी भरून टुर्नामेंट खेळायची आणि ट्रॉफी घ्यायची. खाली मी रुपयांचे आकडे घेतलेत ते हिशोब समजावा म्हणून, आणि मोठ्या पैशाच्या ज्या मॅचेस आपण रात्री जागून फोनवर बघतो त्या अमेरिकेत नाहीतर फिलिपिन्सला होतात, त्या कशा वाचायच्या ते पण याच हिशोबात येतं. टेबलच्या भाड्यासाठी हँडिकॅप लावला काय आणि लाख डॉलरसाठी लावला काय, गणित एकच आहे.

हँडिकॅपचे प्रकार

सगळ्यात जास्त प्रकार नाइन बॉलमध्ये आहेत. साध्या नाइन बॉलमध्ये टेबलवरचा सगळ्यात लहान नंबर आधी लागला पाहिजे आणि शेवटी ९ नंबर जो टाकेल तो गेम जिंकतो. आता कच्च्या खेळाडूला "आठ दिला" म्हणजे त्यानं ८ टाकला तरी तो जिंकला, ९ तर आहेच. पक्क्याला मात्र ९ च टाकावा लागतो. सात दिला म्हणजे अजून मोठी सूट. इथं लगेच विचारायचं की आठ "कॉल" आहे का "वाइल्ड". कॉल म्हणजे कोणत्या पॉकेटमध्ये टाकणार ते आधी सांगायचं, वाइल्ड म्हणजे कसाही पडला, कॉम्बिनेशनवर म्हणजे दुसऱ्या बॉलच्या धक्क्यानं पडला, फ्लूकमध्ये पडला, तरी गेम. या दोन्हीत खूप फरक आहे आणि बरेच जण नुसतं "आठ दिला" म्हणून सुरू करतात आणि तिसऱ्या गेमला भांडण.

दुसरा प्रश्न, पक्क्यानंच ८ टाकून दिला तर काय? म्हणजे त्याचा ८ अपघातानं किंवा मुद्दाम लवकर पडला तर कच्च्याची सूट त्या गेमपुरती गेली. हे नको असेल तर ८ परत स्पॉटवर, म्हणजे टेबलवरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवायचा असं आधी ठरवा, नाहीतर "शेवटचे दोन" मागा. शेवटचे दोन म्हणजे टेबलवर जे शेवटचे दोन बॉल राहतील ते दोन्ही तुमच्या जिंकायचे, ८ आधी गेला असला तर मग ७ आणि ९. ऐकायला आठ आणि शेवटचे दोन सारखंच वाटतं पण शेवटचे दोन सूट म्हणून जास्त भरवशाची, ती कुणी हिरावू शकत नाही.

मग ब्रेक. "सगळे ब्रेक तुझे" हा पण हँडिकॅप आहे. अमेरिकेत ५ नंबर आणि सगळे ब्रेक एकत्र द्यायला ऑरेंज क्रश म्हणतात कारण ५ चा बॉल नारंगी असतो, हा फारच मोठा हँडिकॅप आहे, एवढा कुणी सहज देत असेल तर तो देणारा कोण आहे ते नीट बघा.

आणि शेवटी गेम देणं, म्हणजे नऊची रेस आहे, आधी नऊ गेम जिंकेल तो मॅच जिंकला, आणि तुम्हाला तीन गेम दिले तर स्कोर ०-३ वरून सुरू. तिकडं याला वायरवरचे गेम म्हणतात कारण जुन्या पार्लरमध्ये टेबलच्या वर तारेत मणी ओवलेले असायचे आणि त्यावर स्कोर सरकवायचे.

तुमच्या कामाचा हँडिकॅप कोणता

माझं सगळ्यात पक्कं मत इथं आहे. मोठा दिसणारा हँडिकॅप आणि वापरता येणारा हँडिकॅप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा तुम्ही सलग दोन-तीन बॉलच्या वर टाकू शकत नाही, आणि समोरचा म्हणतो सगळे ब्रेक तुझे. छान वाटतं, पण होतं काय, तुम्ही ब्रेक करून बॉल पसरवता, एक-दोन टाकता, चुकता, आणि समोरच्याला मोकळं टेबल मिळतं. तुम्ही त्याच्यासाठी टेबल उघडून देताय. ब्रेकचा फायदा त्यालाच जो ब्रेक नंतर पूर्ण टेबल साफ करू शकतो, म्हणून दोन तगडे खेळाडू असतील तर ब्रेक फार किमती आणि दोन कच्चे असतील तर ब्रेकला जवळजवळ किंमतच नाही.

आठचं पण तसंच. ८ पर्यंत तुमचा नंबरच येत नसेल तर कॉल आठ कागदावरची सूट आहे. तुमच्यासाठी वाइल्ड आठ बरा, कारण कच्च्या हातून पण मध्येच कॉम्बिनेशन लागून जातं. मधल्या लेव्हलच्या खेळाडूला मात्र, जो पाच-सहा बॉल नेतो आणि शेवटी ९ च्या पोझिशनला अडकतो, त्याला कॉल आठ म्हणजे सोनं आहे, त्याचे जे गेम अगदी काठावर जातात ते सगळे त्याच्याकडं येतात. अजून एक फायदा दिसत नाही तो असा की तुमच्याकडं आठ असला की पक्क्या खेळाडूला लवकर सेफ्टी, म्हणजे बॉल टाकायचा सोडून समोरच्याला अवघड जागा ठेवायचा शॉट, खेळावी लागते, तो मोकळा खेळू शकत नाही, त्याची लय बिघडते.

आणि काहीच समजत नसेल तर गेम मागा. वायरवरचा गेम कुणाच्या फॉर्मवर अवलंबून नाही, तो लिहिला की तुमचाच.

रेस किती लांब, हा खरा हँडिकॅप

नुसता आकडा मोजून हँडिकॅप कळत नाही, रेस किती आहे ते बघावं लागतं. समजा एक खेळाडू दुसऱ्याविरुद्ध एक-एक गेम शंभरातून साठ वेळा जिंकतो. तीनची रेस लावली तर तो साधारण ६८ टक्के वेळा जिंकेल, पाचच्या रेसला ७३, नऊच्या रेसला ८०, पंधराच्या रेसला ८६. खेळाडू तेच, टेबल तेच, फक्त रेस लांब केली आणि पक्क्याचं पारडं जड झालं. म्हणून कच्चे असाल तर छोटी रेस मागा, पक्के असाल तर लांब. समोरचा आपणहून म्हणाला की "चल पंचवीसची रेस लावू, मजा येईल" तर त्याला मजा का येणार आहे ते आता लक्षात आलं असेल.

उलटं पण बघा. पाचच्या रेसला एक गेम दिला तर साठ टक्केवाल्याचे चान्स ७३ वरून ५९ ला येतात, पंधराच्या रेसला तोच एक गेम दिला तर ८६ वरून फक्त ८१. एकच गेम, पण छोट्या रेसमध्ये तो तिप्पट जड. "गेल्या वेळी पण एकच दिला होता" असं म्हणणाऱ्याला विचारा गेल्या वेळी रेस किती होती.

पटकन हिशोब करायची सोपी रीत अशी की एकेका गेमचं जे प्रमाण तेच रेसचं ठेवायचं. साठ-चाळीस म्हणजे तीनास दोन, तर रेस नऊला सहा, म्हणजे तीन गेम द्यायचे. असं केलं तर मॅच जवळजवळ बरोबरीत येते, पक्का ४९ टक्के जिंकतो. सहाला चार लावली तरी ४८ च्या आसपास. दुप्पट खेळाडू असेल, म्हणजे तीनातले दोन गेम जिंकणारा, तर बिनहँडिकॅपची नऊची रेस तो शंभरातून नव्वदच्या वर जिंकणार, ती मॅच नाहीच. त्याला नऊला पाच लावा, तरी तो ५५ टक्के वरच राहतो, नऊला चार लावली तर मात्र तो ३९ वर येतो. मध्ये काही नाही, साडेचार गेम देता येत नाहीत, तिथं मग नऊला पाच आणि वर थोडं काहीतरी, असं जुळवावं लागतं.

आणि एक प्रकार आहे, "दहा पुढं". म्हणजे रेस नाही, जो दहा गेमनं पुढं जाईल तो जिंकला. बरोबरीचे खेळाडू असले तर ही मॅच सरासरी शंभर गेम चालते, रात्र संपते पण मॅच संपत नाही. साठ टक्केवाला इथं ९८ टक्के वेळा जिंकतो. पंचावन्न टक्केवाला, ज्याचा फरक नुसतं बघून कळणार पण नाही, तो सुद्धा ८८ टक्के. म्हणून दहा पुढं ही मॅच हँडिकॅप न घेता कधीच लावू नका जोपर्यंत तुम्हाला खात्री नाही की तुम्हीच वरचे आहात.

याचं जगातलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९९६ ची हाँगकाँगची मॅच, फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, नाइन बॉल, १२० ची रेस, तीन दिवस, जिंकणाऱ्याला सगळेच्या सगळे एक लाख डॉलर. रेयेस १२०-११७ नं जिंकला. म्हणजे २३७ गेम खेळून फरक तीन. तिथं कुणी कुणाला हँडिकॅप दिला नव्हता आणि द्यायची गरज पण नव्हती, जोड अशी असावी.

समोरच्याची लेव्हल कशी काढायची

अमेरिकेत आणि आता जगात बऱ्याच ठिकाणी फार्गोरेट नावाचं रेटिंग चालतं. त्याचा नियम सोपा, दोघांच्या रेटिंगमध्ये १०० चा फरक असेल तर वरचा दोनास एक जिंकतो, २०० चा असेल तर चारास एक, ५० चा असेल तर साधारण ५९ टक्के. जगातले टॉपचे खेळाडू आठशेच्या वर असतात. मोठी मॅच बघताना दोघांचे आकडे काढा, वरची रीत लावा, आणि मग हँडिकॅप बघा, लगेच कळतं कुणाला जास्त मिळालंय. रेटिंगच्या बाजूला अजून एक आकडा असतो, किती गेमवरून ते काढलंय त्याचा, २०० च्या खाली असेल तर ते रेटिंग अजून कच्चं समजायचं. तिथल्या ए पी ए, म्हणजे अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनच्या लीगमध्ये वेगळी पद्धत आहे, एट बॉलला २ पासून ७ पर्यंत लेव्हल, आणि ७ वाला २ वाल्याशी खेळला तर एकाला सात गेम आणि दुसऱ्याला फक्त दोन गेम जिंकायचे असतात.

आपल्याकडं परभणीत नाहीतर बीडमध्ये बसून कुणाचं फार्गो काढणार. मग वही ठेवा. ज्याच्याशी नेहमी खेळता त्याच्याबरोबरचे गेम लिहून ठेवा, तारीख, टेबल, किती जिंकले. पण एक लक्षात ठेवा की ५० गेममधून ३० जिंकले म्हणून तुम्ही साठ टक्केवाले झालात असं नाही, ५० गेम फार कमी असतात, खरा आकडा पन्नासच्या थोडा खालपासून सत्तरच्या वर कुठंही असू शकतो. दोन-अडीचशे गेम झाले की मग तो आकडा विश्वासाचा. लोक एका रात्रीचा सेट, म्हणजे एक पूर्ण रेस, बघून पुढच्या रात्रीचा हँडिकॅप बदलतात, त्यानं काहीच कळत नाही.

अनोळखी माणूस आला तर वही कामाची नाही. १९८५ ला ह्यूस्टनला एक फिलिपिनो खेळाडू टुर्नामेंटला आला, नाव लिहिलं सीझर मोरालेस, कुणी ओळखत नव्हतं, आणि तो टुर्नामेंट जिंकून गेला. तोच एफ्रेन रेयेस. तेव्हा इंटरनेट नव्हतं म्हणून नाव बदलून चाललं, पण रीत आज पण तीच आहे, नाव नाहीतर खेळ लपवायचा. अनोळखी माणूस शॉट किती टाकतो ते बघू नका, शॉट मुद्दाम चुकवता येतो. व्हाइट, म्हणजे ज्या पांढऱ्या बॉलनं बाकीचे मारतो ती, कुठं थांबते ते बघा. शॉट चुकला तरी ज्याची व्हाइट दरवेळी पुढच्या बॉलच्या बरोबर जागेवर येते तो माणूस तुम्हाला दाखवतोय त्यापेक्षा बराच वरचा आहे. स्टान्स, ब्रिजचा हात, शॉट मारल्यावर डोकं खाली राहतं का, हे लपवणं लई अवघड असतं. आणि सेफ्टी बघा, कच्चा खेळाडू सेफ्टी खेळतच नाही.

एट बॉल आणि स्नूकर

आपल्या बहुतेक पार्लरमध्ये नाइन बॉलपेक्षा एट बॉल आणि स्नूकर जास्त चालतं, त्याचं थोडं सांगतो. एट बॉलमध्ये दोघांचे बॉल वेगवेगळे असतात आणि ते संपले की शेवटी ८ टाकायचा असतो, त्यात कच्च्याचे दोन बॉल आधीच काढून टाकायची पद्धत आहे, ती मला आवडत नाही. कारण त्याचे बॉल टेबलवर कमी झाले की पक्क्याच्या वाटेतले अडथळे पण कमी होतात, एट बॉलमध्ये स्वतःचे बॉल समोरच्याला अडवायला पण कामाला येतात. त्यापेक्षा दर गेमला एकदा बॉल इन हँड, म्हणजे व्हाइट हातानं हवी तिथं ठेवायची मुभा, द्या, किंवा सरळ गेम द्या.

स्नूकरमध्ये पॉइंट देतात, फ्रेम म्हणजे एक गेम सुरू व्हायच्या आधीच वीस-तीस पॉइंट लिहायचे. इथं मोजायला सगळ्यात सोपं. सगळे रेड म्हणजे लाल बॉल गेल्यावर सहा कलरचे, म्हणजे बाकीच्या रंगीत बॉलचे, मिळून २७ पॉइंट राहतात, म्हणजे ३० दिले असतील तर पक्क्याला नुसते कलर साफ करून भागत नाही, त्याला रेडवर काम करून ठेवावंच लागतं. किती द्यायचे ते ठरवायला आधीच्या बऱ्याच फ्रेममधले फरक लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लिहा, हरलेल्या फ्रेमचे उणे धरून, आणि बरोबर मधला आकडा घ्या. सरासरी नको, कारण एखाद्या फ्रेमला तो ७० नं जिंकलेला असतो आणि त्या एका फ्रेममुळं सरासरी फुगते. मधला आकडा दिला की निम्म्या फ्रेम इकडं, निम्म्या तिकडं.

पैशात हँडिकॅप

गेम न देता पैशातच फरक ठेवता येतो. समजा तुमचे चान्स शंभरातून चाळीस आहेत. तर बरोबरीचा भाव दीडास एक, म्हणजे तुम्ही हरलात तर १०० द्यायचे, जिंकलात तर १५० घ्यायचे. कुणी दोनास एक देत असेल तर तुमचा फायदा आहे, दर १०० मागं सरासरी २० रुपये. आणि उलट्या बाजूनं, तुम्ही १५० लावून १०० जिंकायला बसलात तर तुम्हाला शंभरातून साठ वेळा जिंकावं लागेल तेव्हा कुठं बरोबरी, २०० लावले तर शंभरातून सदुसष्ट. हे आकडे पाठ करा, हे कळलं नाही तर "हा नक्की जिंकणार" या एका वाक्यावर लोक भाव न बघता पैसे लावतात. जिंकणार हे खरं असलं तरी भाव महाग असू शकतो.

रक्कम किती, तर एका सेटमध्ये एवढीच की हरलात तरी त्याच मनानं पुढचा शॉट खेळता येईल. साठ टक्केवाला पाचची रेस शंभरातून सत्तावीस वेळा हरतोच, म्हणजे सलग दोन सेट हरणं ही काही मोठी गोष्ट नाही, घडणारच. त्यात घरचे, फीचे, उधारीचे पैसे असतील तर हात थरथरतो आणि मग तुम्ही साठ टक्केवाले राहत नाही. पैशाच्या दबावानं खेळ खाली येतो हे मी चांगल्या चांगल्यांचं बघितलंय, आणि समोरचा रक्कम वाढवा म्हणतो तो बऱ्याच वेळा याचसाठी म्हणतो. सोपं टेबल, सोपा बॉल, पण खिशात आहे त्याच्यापेक्षा जास्त लागलंय, संपलं.

मोठ्या मॅचमध्ये खेळणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा त्याचे नसतात, मागं पैसा लावणारा असतो, हरलं तर त्याचं जातं, जिंकलं तर वाटणी. म्हणून तसल्या मॅचमध्ये हँडिकॅपची बोलणी खेळाडू नाही, मागचा माणूस करतो. यात धोका एक आहे, ज्याचे स्वतःचे पैसे लागलेले नाहीत तो मुद्दाम हरून दुसऱ्या बाजूनं वाटा घेऊ शकतो. बाहेर बसलेले अचानक सगळे एकाच बाजूला पैसे लावायला लागले आणि भाव झपझप उतरला तर हात आखडता घ्या.

ब्रेकच्या आधी काय काय बोलून घ्यायचं

हँडिकॅप ठरला म्हणजे झालं असं नाही, बाकीच्या अटीत तो परत काढून घेता येतो. जिंकेल तो ब्रेक करणार का आळीपाळीनं, हे आधी. जिंकेल त्याचा ब्रेक असेल तर पक्का एकदा लयीत आला की चार-पाच गेम सलग घेऊन जातो आणि तुम्ही खुर्चीत. आळीपाळीचा ब्रेक कच्च्याला बरा. रॅक, म्हणजे सुरुवातीची बॉलची मांडणी, कोण लावणार, ट्रँगलनं का कागदासारख्या पातळ रॅकनं, फाउल म्हणजे बॉल इन हँड कुठंही का रेषेच्या मागं, सलग तीन फाउलला गेम जातो का, व्हाइट उडवायची जंप क्यू चालेल का, सगळं बोला. पॉकेट पण बघा, लहान पॉकेटचं टेबल पक्क्याला मानवतं, मोठ्या पॉकेटवर कच्चा पण टाकत सुटतो, म्हणून "त्या कोपऱ्यातल्या टेबलवर खेळू" हे पण हँडिकॅपचंच बोलणं आहे. पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि बॉल जड चालतो, मे महिन्यात तेच टेबल पळतं आणि धूळ बसून कापड खरखरीत होतं, जो रोज त्या टेबलवर खेळतो त्याला हे माहीत असतं, बाहेरून आलेल्याला नसतं. बाहेरून जाणार असाल तर मॅचच्या आधी अर्धा तास भाडं भरून त्याच टेबलवर खेळून घ्या.

आणि आपल्याकडं एक अट लावायलाच पाहिजे ती म्हणजे लाइट. मध्येच लाइट गेली तर काय, इन्व्हर्टरवर टेबलचा दिवा चालतो का, किती वेळ थांबायचं, गेम परत सुरू करायचा का बॉल जिथं आहेत तिथून. ८-७ स्कोर असताना लाइट गेली आणि अंधारात कुणाचा तरी हात बॉलला लागला की मैत्री तुटते. फोननं टेबलचा फोटो काढून ठेवायचा एवढं ठरलेलं असलं तरी पुरतं.

जे काही लागलंय ते दोघांनीही सुरुवातीलाच एका तिसऱ्याकडं द्या, भलं ते टेबलचं भाडं असो. हा तिसरा माणूस दोघांनाही मान्य पाहिजे आणि त्याचं मॅचवर काही लागलेलं नको. मध्येच उठून गेला तर त्याचं गेलं, हे पण तिथंच बोलून घ्या, कारण हरणाऱ्याला दहाव्या गेमला नेमकं घरचं काम आठवतं.

मॅच झाल्यावर हरणारा म्हणणार, अजून एक दे मग परत खेळतो. लगेच पूर्ण गेम वाढवू नका, पाचच्या-सातच्या रेसला एक पूर्ण गेम फार मोठा असतो हे वर बघितलंच. आधी ब्रेक द्या, नाहीतर कॉलचा वाइल्ड करा, नाहीतर रेस नऊची असेल ती सातची करा आणि गेम तेवढेच ठेवा, यातलं एक बदलून अजून दोन-तीन सेट बघा. आणि तुम्ही हरणारे असाल तर मागायच्या आधी वही उघडून बघा की एकूण किती गेम गेलेत, एका सेटचा राग धरून मागितलेला हँडिकॅप समोरच्याला लगेच ओळखू येतो आणि तो देताना तुम्हाला जे वापरता येत नाही नेमकं तेच देतो.